बांधावर कोण उभं होतं?

भुतंखेतं, अंगात येणं... असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता, आणि हे लिहितानाही तो बसलाय असं म्हणवत नाही. उभी हयात सरकारी नोकरीत गेली, त्यातली बरीचशी डेप्युटी कलेक्टरच्या खुर्चीत. समोरचा अर्जदार रडायला लागला तरी आधी त्याचे डोळे खरंच ओले आहेत का, ते पाहायचं – अशी माझी सवय. संशय हाच माझा धंदा म्हणा ना! ही हकीकत दुसऱ्या कोणी सांगितली असती, तर मीच पहिला त्याला खोटा ठरवला असता.

मी कुंभकोणमचा. आमचं घराणं तंजावरच्या दरबाराबरोबर दक्षिणेत आलेलं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. तिकडे आम्हा रावांना ‘रायर’ म्हणतात. नोकरीच्या उत्तरार्धात पोस्टिंगही कुंभकोणमलाच मिळालं. राज्य इंग्रजांचं होतं आणि आमच्यासारख्यांना वरच्या जागा क्वचितच मिळत. पण त्या वर्षी माझं नाव बढतीसाठी मद्रासला गेलं होतं.

तिरुनीलक्कुडीच्या पलीकडे नदीकाठी एक सखल वस्ती होती, सगळी शेतमजुरांची घरं. वरच्या अंगाला एका बड्या मिरासदाराची भातशेती. त्याने शेताभोवती असा उंच बांध घातला होता की पूर आला की पाणी शेताऐवजी वस्तीत शिरे. ऐप्पसीचा, म्हणजे आपल्या आश्विन-कार्तिकातला, पाऊस सुरू झाला तसा तिथला ग्राम-मुन्सिफ गोविंदसामी – तुमच्याकडचा पाटील म्हणा – कचेरीत आला.

“सामी, नदी चढतेय. बांध फोडायला परवानगी द्या. नाहीतर माणसं जातील.”

खाजगी बांध कलेक्टरच्या मंजुरीशिवाय फोडता येत नव्हता, आणि मिरासदाराची ऊठबस थेट मद्रासच्या बड्या लोकांत. मी म्हणालो, “पाहतो.” हा शब्द आम्हा अधिकाऱ्यांना फार सोयीचा.

त्याच रात्री मला हिवताप भरला. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी क्विनीन दिलं आणि अंथरुणातून उठायची बंदी केली. बाहेर धो धो पाऊस. गोविंदसामीचा चेहरा डोळ्यांसमोरून हलेना. बांध फोडा, फोडा... असं मनात सारखं घोळत होतं, पण ओठांवर आलं नाही. माझी पत्नी सकाळभर उशाशी बसून कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत होती.

दुपार कलताना तहसीलदार वेंकटेशय्यर आले. गुडघ्यापर्यंत चिखल आणि चेहऱ्यावर आनंद.

“सर, वस्ती वाचली! पण एवढ्या तापात तुम्ही यायला नको होतं.”

“कुठे?”

“बांधावर...” ते गोंधळले. “सकाळी तुम्हीच नाही का आलात? गोविंदसामीला म्हणालात, फोडा. म्हणून तर फोडला.”

माझ्या मनात पहिला विचार कोणता आला असेल? की या दोघांनी संगनमताने बांध फोडला आणि आता माझं नाव पुढे करतायत. तापकऱ्याला काय आठवणार, असा त्यांचा हिशोब!

ते गेल्यावर मी पत्नीला विचारलं, “मी सकाळी उठलो होतो?”

“उठतां कसे? पाणी पाजायलासुद्धा मीच डोकं उचलून धरलं तुमचं.”

क्षणभर मी तिच्यावरही संशय घेतला. मग गाडीवानाला हाक मारली. घोडा तबेल्यातून निघालाच नव्हता. पगडी खुंटीला होती – कोरडी. आणि त्या पावसात तिरुनीलक्कुडीचा रस्ता पाण्याखाली. धडधाकट माणूससुद्धा तिथे जाऊन दुपारच्या आत परतला नसता.

ताप उतरल्यावर मी एकेकाला वेगळं बोलावून खोदखोदून विचारलं. गोविंदसामी म्हणाला, “सामी, तुम्ही थरथरत होतात. माझ्या खांद्यावर हात ठेवलात तेव्हा सदऱ्यातून चटका बसला. एवढा ताप!” वस्तीतल्या बायका वेगळ्या आल्या, त्यांनीही मला पाहिलं होतं. हे सगळे पढवलेले असतील, असं मी अजून धरून चाललो होतो. पण शेवटी मिरासदाराचा कारभारी आला... माझा शत्रूच तो. त्यानेही शपथेवर सांगितलं, “रायर स्वतः बांधावर उभे होते. मी हात जोडून विनवण्या केल्या, ऐकलं नाही.”

मित्र आणि वैरी एकच खोटं बोलत नसतात हो! तिथे माझं लॉजिक संपलं.

मिरासदाराने तक्रार केली आणि कलेक्टरने एन्क्वायरी लावली. कलेक्टर इंग्रज, शिस्तीचा. त्याच्यासमोर एका बाजूला मिरासदार, दुसऱ्या बाजूला हात बांधून गोविंदसामी. त्याला ठाऊक होतं, हुकूम माझा नसेल तर तुरुंग त्याला आहे.

“मिस्टर राव,” कलेक्टरने विचारलं, “हा हुकूम तुम्ही दिलात?”

डॉक्टर माझ्या बाजूने साक्ष द्यायला तयार होते. नाही म्हणायचा अवकाश, मी सुटलो असतो.

“होय. हुकूम माझाच.”

“डॉक्टर म्हणतात, तुम्हाला उभंही राहता येत नव्हतं.”

“डॉक्टरांची चूक होतेय, सर.”

त्याने बराच वेळ माझ्याकडे रोखून पाहिलं. मी आयुष्यभर अर्जदारांकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर त्या दिवशी माझ्यावर होती. बढती गेली. बदली झाली अनंतपूरला, रखरखीत मुलखात. डॉक्टर पुढे कधी माझ्याशी बोलले नाहीत.

घरी आल्यावर पत्नी म्हणाली, “खोटं बोललांत तुम्ही.”

“खोटं बोललो?” मी विचारलं. “तूच सांग.”

तिने माझी पगडी घेऊन खुंटीला अडकवली. मलाही त्याचं उत्तर नको होतं की काय, कोण जाणे.

पेन्शनीत निघाल्यावर कुंभकोणमला परतलो आणि एकदा उन्हाळ्यात गाडी करून त्या वस्तीवर गेलो. गोविंदसामी म्हातारा झाला होता. त्याने ताक दिलं, नातवंडांना पाया पडायला लावलं. मी सहज म्हणालो, “त्या दिवसानंतर आजच येतोय इकडे.”

तो हसला. “असं काय सामी? त्याच्या पुढच्या पुरात आला होतात की! बांधावर उभे राहून पाणी पाहत होतात. मी हाक मारली, तुम्ही वळून पाहिलंत, पण बोलला नाहीत. त्या खेपेला मिरासदाराने आपणच बांध उघडला.”

त्या पुढच्या पावसाळ्यात मी अनंतपूरला होतो. तंजावर जिल्ह्यात पाऊलही ठेवलं नव्हतं. म्हातारपणी त्याच्या स्मृतीत घोटाळा झाला असेल, म्हणून मी घरातल्या इतरांना विचारलं. त्याच्या सुनेनेही तेच सांगितलं.

यावर पुष्कळ विचार केला. तापातला भ्रम म्हणावा, तर तो माझा एकट्याचा असता. तोतया म्हणावा, तर दुसऱ्यासाठी तापाने फणफणत पुरात उभा राहणारा तोतया कुठे असतो? वाचकांपैकी कोणाला काही सुचलं तर कळवावं. मला सुचलेलं नाही.

निघताना गोविंदसामी गाडीपर्यंत पोचवायला आला. आभाळाकडे पाहून म्हणाला, “यंदा पाऊस जबर दिसतोय, सामी. याल ना?”

मी ‘हो’ म्हणालो. पण कोणाच्या वतीने म्हणालो, ते मला आजही माहीत नाही.