टेपेच्या शेवटी उरलेलं

आनाक्लेता मकाबेन्ता हिला मनिलापासून दूर, समुद्रकाठच्या सांता मार्ता गावात सगळे माना क्लेता म्हणत. माना म्हणजे थोरली बहीण. गावातल्या निम्म्या पोरांनी 'हे आमच्या स्वर्गातील बापा' ही प्रार्थना तिच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात तिच्यासमोर उभं राहून पाठ केलं होतं, आणि चुकलं की कान धरून पुन्हा म्हटलं होतं. नवरा जहाजावर स्वयंपाकी. वर्षातले दहा महिने तो कुठल्यातरी समुद्रावर असायचा, आणि एका वर्षी तिकडूनच त्याच्या मरणाची बातमी आली. मूलबाळ नव्हतं. शाळा सुटली की ती घरी जायच्या आधी दोन-तीन घरांत डोकावायची. "जेवलीस का, माना?" असं कुणी विचारलं की ती जेवलेली असली तरी बसायची.

धर्मप्रांतानं चर्चच्या सभागृहावर, दुसऱ्या मजल्यावर, छोटंसं टीव्ही केंद्र काढलं तेव्हा फादर इलुमिनादो यांनी तिला समितीवर घेतलं. बाईमाणूस हवं होतं आणि शुद्धलेखन येणारं हवं होतं, एवढंच कारण. पहिल्याच बैठकीत फादरांनी यादी वाचली. सकाळी मिस्सा, म्हणजे चर्चची मुख्य उपासना, दुपारी रोजरीची जपमाळ, शनिवारी संध्याकाळी पवित्र कुटुंबावर प्रवचन, बारा भाग.

"फादर, रागावणार नसाल तर बोलते," क्लेता म्हणाली. "माझ्या शेजारचा माणूस रविवारी तुमच्या प्रवचनाच्या वेळी चर्चच्या दाराबाहेर सिगारेट ओढत उभा असतो. तो शनिवारी घरी बसून तेच ऐकेल होय?"

"ऐकेल की," कॅमेरावाला प्रोकोपियो कोपऱ्यातून म्हणाला. "घरी बटण बंद करता येतं."

फादरसुद्धा हसले. मग म्हणाले, "टीका सोपी आहे, क्लेता. तुझ्या मनात काय आहे ते सांग."

"कॅमेरा घेऊन लोकांच्या घरी जेवायच्या वेळेला जायचं. त्यांच्या ताटात असेल ते खायचं. जेवणाआधी ते प्रार्थना म्हणत असतील तर म्हणतील, नसतील तर राहिलं. आणि मग गप्पा."

"आणि ह्यात कॅथलिक ते काय?"

क्लेतानं जरा विचार केला. "प्रभूनं तरी मोठं मोठं जे काय सांगायचं ते जेवतानाच सांगितलं ना, फादर?"

फादर इलुमिनादो पेन्सिल खाली ठेवत म्हणाले, "तीन भाग कर. मग बघू."

कार्यक्रमाचं नाव ठेवलं 'हा लामेसा', म्हणजे मेजापाशी. पहिला भाग पार फसला. त्या घरच्यांनी शेजाऱ्यांकडून काचेच्या ताटल्या आणल्या, ठेवणीतले कपडे घातले, उसनी कोंबडी कापली, आणि कॅमेरा सुरू होताच अख्खी रोजरी म्हटली. संपली तेव्हा भात गार झाला होता आणि बोलायला कुणाकडे शब्द उरला नव्हता. परतताना प्रोकोपियो म्हणाला, "माना, त्यापेक्षा प्रवचन बरं होतं. निदान फादर हात तरी हलवतात."

पण क्लेता हट्टाची. तिनं पद्धत बदलली. आधी तीनदा कॅमेऱ्याशिवाय जायचं, जेवायचं, भांडी विसळायला हात लावायचा. चौथ्या खेपेला कॅमेरा. प्रोकोपियो तो कोपऱ्यात तांदळाच्या पोत्यावर ठेवून वर जुना टॉवेल टाकायचा आणि स्वतः शेजारी पाय पसरून जेवायला बसायचा. मग माणसं विसरायची. ताडी विकणाऱ्या ब्रिहिदोनं भाताचा घास हातात धरून सगळ्यांदेखत बायकोला सांगितलं, "तुझ्या बापाच्या मातीला मी आलो नाही. दारू प्यायलो होतो म्हणून नाही. लाज वाटली म्हणून." बायकोनं वर न बघता त्याच्या ताटात माशाचा मोठा तुकडा वाढला. तो भाग दाखवला त्या शनिवारी रिक्षावाल्यांनी रिक्षा लावून हॉटेलाच्या टीव्हीपुढे गर्दी केली होती. दुसऱ्या पंथाचे, कुठल्याच पंथाचे नसलेले, सगळेच बघू लागले. भर बाजारात लोक एकमेकांना विचारायचे, "ह्या आठवड्यात कुणाकडे जेवण?"

अडचण होती ती टेपांची. मनिलाहून खोकं वर्षातून दोनदा यायचं, आणि ते कधीच पुरायचं नाही. म्हणून जुन्या टेपेवर नवं चित्रीकरण करायचं. कुठली ठेवायची, कुठली पुसायची, हे ठरवायचं काम क्लेताचं. तिला त्यात जड काही वाटलं नाही. एकदा प्रोकोपियो एका टेपेपाशी घुटमळला तेव्हा तीच म्हणाली होती, "अरे, जेवणं काय, रोजचीच असतात. बिशपांचा सुवर्णमहोत्सव एकदाच येतो. घाल त्याच्यावर." वहीत तिनं जुनं नाव खोडलं आणि वळणदार अक्षरात नवं लिहिलं.

सातव्या वर्षी, नोव्हेंबरात, वादळ आलं. वारा सगळ्यांनीच आधी पाहिला होता. ह्या वेळी मात्र समुद्र उठून आत आला. पुन्ता ही कोळ्यांची वस्ती सकाळी होती आणि दुपारी नव्हती. त्या वस्तीतल्या एकोणतीस घरांत क्लेता जेवली होती. त्यातली चार उभी राहिली. चर्च टेकडीवर होतं, म्हणून केंद्राला काही झालं नाही. तळमजल्यावर माणसं ओळीनं झोपलेली, वरच्या मजल्यावर टेपा कोरड्या. क्लेता दिवसभर मोठ्या पातेल्यात पेज ढवळायची आणि रांगेत कोण आहे ते बघायची. कोण नाही, हे बघायचं तिनं दुसऱ्या दिवशीच सोडून दिलं.

बाराव्या दिवशी पुन्तातली इस्का जिना चढून वर आली. लहानपणी क्लेताच्याच हाताखाली शिकलेली. तिचा नवरा दुलो आणि सहा वर्षांची मुलगी सिओनी दोघंही गेले होते. दुलो सापडला होता. सिओनी सापडली नव्हती.

"माना, एक काम होतं," ती दारातच उभी राहून म्हणाली. "घरातला एकही फोटो राहिला नाही. लग्नाचा होता तोही गेला. पण तुमच्याकडे ते दोघं आहेत ना? तुम्ही आमच्याकडे जेवायला आलात तेव्हाचे? एकदा दाखवा ना. हात नाही लावणार मी कशाला."

टेप नंबर सतरा. क्लेताला वही उघडायची गरज नव्हती. सतरा म्हणजे बिशपांचा सुवर्णमहोत्सव.

"बस हं. बघते," ती म्हणाली आणि टेपांच्या खोलीत जाऊन खोक्यावर बसून राहिली. दाराच्या फटीतून इस्का दिसत होती. बाकावर बसून ती बोटांनी केस सारखे करत होती, कुणाचा तरी मागून घातलेला झगा गुडघ्यांवर ओढून नीट करत होती. कुणी भेटायला येणार असलं की बाई करते तसं. अर्ध्या तासानं क्लेता बाहेर आली आणि म्हणाली, "पसारा फार आहे गं. चार दिवसांनी ये."

इस्का गेल्यावर प्रोकोपियो म्हणाला, "खोटं कशाला बोललात, माना?"

"मग तू सांग खरं. जा, हाक मार तिला आणि सांग."

तो गेला नाही. भिंतीवरच्या टेपांकडे वळला. मग म्हणाला, "शेपटं बघायला हवीत."

"कसली शेपटं?"

"टेप एक तासाची. महोत्सव बावन्न मिनिटांचा असेल, नाहीतर पंचावन्न. तिथं आपण थांबलो. त्याच्या पुढचं पुसायला कोण गेलंय? जे होतं ते तसंच असणार."

खाली पेज शिजत होती आणि वर जनरेटरवर दोघं टेपा बघत होते, सलग तीन दिवस. रोजरी संपली की चित्र थरथरायचं आणि पुन्तातलं एखादं घर उघडायचं. कुठं तीन मिनिटं, कुठं दहा सेकंद. जेवण झाल्यानंतरचं सगळं, जे कार्यक्रमात कधी घ्यायचेच नाहीत ते. खरकटी ताटं, दात कोरणारा म्हातारा, जांभई, कॅमेऱ्याला जीभ दाखवणारी पोरं. पुन्तातल्या वाहून गेलेल्या पंचवीसही घरांच्या टेपा पुसलेल्या होत्या, त्यातल्या अकरा घरांचं काही ना काही निघालं. चौदा घरांचं काहीच नाही.

फादर इलुमिनादो यांनी ते पाहिलं आणि डोळे पुसले. "हे सगळं जोडून एक भाग करू, क्लेता. लोकांना धीर येईल. मनिलावालेही दाखवतील."

"नाही, फादर."

"अगं, सगळ्या देशाला..."

"देश जेवला होता का त्यांच्याकडे? ज्याचं आहे त्याला दाखवायचं. दार लावून."

इतक्या वर्षांत ती फादरांशी अशी कधी बोलली नव्हती. मग फादर खाली गेले आणि चर्चमधल्या चार खुर्च्या स्वतः उचलून वर घेऊन आले.

इस्का आली तेव्हा क्लेतानं आधी तिला समोर बसवलं. "इस्का, टेप मी पुसली. मशीन बिघडलं नाही, दुसऱ्या कुणी केलं नाही. वहीत माझं अक्षर आहे. शेवटचं थोडं राहिलंय. बेचाळीस सेकंद."

इस्कानं नुसती मान हलवली. ऐकलं की नाही कळलं नाही. तिचं लक्ष पडद्याकडे होतं.

बिशपांनी आशीर्वादासाठी हात उचलला, चित्र हललं आणि दुलोची पाठ दिसली. निळा सदरा, खांद्यावर फडकं. तो बादलीशी बसून ताटल्या धूत होता. कुठूनतरी, चौकटीच्या बाहेरून, सिओनीच्या हसण्याचा आवाज येत होता, धाप लागेपर्यंतचा. दुलो हसल्यासारखा खांदे हलवत होता, पण वळत नव्हता. मग पडदा पांढरा झाला.

"परत लावा," इस्का म्हणाली.

प्रोकोपियोनं परत लावलं. आणि परत. सहाव्या-सातव्या वेळेला ती म्हणाली, "आता वळेल असं वाटतं नाही, माना?"

क्लेतानं प्रोकोपियोला पुन्हा लावायची खूण केली.

"आणि ही का हसत होती एवढी?"

हे मात्र क्लेताला ठाऊक होतं. "तिनं आपल्या वाटणीचा मासा मेजाखाली मांजराला दिला होता. मांजर तो घेऊन माझ्याच मांडीवर येऊन बसलं. दुलो म्हणाला, मांजराला कळतं, शिक्षिकेशी गोड वागावं. त्यावर हसत होती."

"असं म्हणाला?" इस्का हसली. खरोखर हसली. आणि हसता हसता तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून प्रोकोपियो उठून गॅलरीत गेला.

बऱ्याच वेळानं तोंड पुसून इस्कानं विचारलं, "बिशपांची मिस्सा आहे ना नीट?"

"आहे."

"सगळी?"

"सगळी."

इस्का उठली. जाताना तिनं थोरल्यांचा हात कपाळाला लावतात तसा क्लेताचा हात लावला आणि जिना उतरली. क्लेताला वाटलं, हिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ज्या चौदा घरांचं काही निघालं नाही, त्यांच्याकडे क्लेता स्वतः गेली. टेकडीमागे तंबू पडले होते. तिथं जमिनीवर बसून ती आधी आपली चूक सांगायची आणि मग तिला आठवेल ते. कोण कुठं बसलं होतं, कोणी कोणाच्या ताटातलं उचललं, कोण काय बोललं. माणसं अगदी लक्ष देऊन ऐकायची. कुणी दुरुस्त करायचं, "नाही माना, ती डावीकडे बसायची." कुणी पाठ फिरवायचं. एका बाईनं तर तंबूचा पडदाच ओढून घेतला.

शेवटचा राहिला मानो पोन्सो, म्हणजे पोन्सोदादा, जाळी विणणारा म्हातारा. त्याची बायको गेली होती, पन्नास वर्षांच्या संसारानंतर.

"माझी म्हातारी काय बोलली होती तुमच्याशी?" त्यानं विचारलं. "मी त्या दिवशी मध्येच उठून होडी बघायला गेलो होतो. माझ्यामागं काय बोलली?"

क्लेतानं डोळे मिटून खूप आठवून पाहिलं. घर आठवलं, चटई आठवली. बाईचा चेहराही नीट येईना.

"काहीही सांगा," म्हातारा म्हणाला. "मला काय कळणार आहे खरं की खोटं?"

तिला सांगता आलं असतं. सात वर्षं ती लोकांच्या बोलण्यातून गोष्टी जुळवत आली होती. दोन प्रेमाची वाक्यं रचणं काही अवघड नव्हतं, आणि ती अगदी जिभेवर आली होती.

"नाही आठवत, मानो," ती म्हणाली. "फक्त कालवण खारट होतं एवढं आठवतं. मी पाणी पीत होते सारखी."

म्हाताऱ्यानं मान वर केली. "हां," तो सावकाश म्हणाला. "खारटच करायची ती." आणि हातातली सुई खाली ठेवून त्यानं तोंड जाळ्यात लपवलं.

नाताळानंतर 'हा लामेसा' पुन्हा सुरू करायचं ठरलं. यापुढं एकही टेप पुसायची नाही, असं फादरांनी दारावर लिहून लावलं. पण क्लेता घरोघर जेवायला गेली नाही. एक तरुण शिक्षिका जाऊ लागली, गोड बोलणारी. लोक म्हणत, छान करते. क्लेता पुन्हा धर्मशिक्षणाच्या वर्गावर गेली. तंबूतल्या पोरांना शिकवायची, कान मात्र कुणाचा धरायची नाही.

इस्का मिंदोरो बेटावर बहिणीकडे गेली. जाताना तिनं बेचाळीस सेकंदांची प्रत मागून नेली. बहिणीकडे टीव्ही नव्हता. क्लेतानं तिला दोन पत्रं लिहिली. पहिल्याचं उत्तर आलं नाही. दुसरं, पत्त्यावर माणूस नाही असा शिक्का बसून, पावसाळ्यात परत आलं. प्रोकोपियोनं विचारलं, "उघडून बघायचं नाही का, कदाचित मागे काही लिहिलं असेल?"

"माझंच पत्र आहे ते," क्लेता म्हणाली आणि वर्गाची घंटा वाजवायला उठली.