वीस मिळवायचे राहिले: सोलापूरची एक फेरी

सोलापूरला गेले ते काही शेंगाचटणीसाठी नव्हे. पुण्यातल्या फ्लाइंग स्कूलमधली माझी रूममेट संध्या तिथे घरी निघून गेली होती. सोमवारपर्यंत परतली नाही तर तिचं नाव कटणार होतं, आणि ती गेली होती माझ्यामुळे.

विमान दिशेच्या ज्या अंशावर गेलं, त्याच्या बरोबर उलट अंशावर परतायचं, म्हणजे एकशेऐंशीचा फरक. मी सगळ्यांना युक्ती शिकवायचे: मोठ्या आकड्यातून दोनशे वजा करा, वीस मिळवा, एकशेऐंशीच्या आतला असेल तर उलट करा. दोनशे नव्वदचे एकशे दहा. संध्या मात्र विमानातल्या दिशा दाखवणाऱ्या डायलवर सरळ खालच्या टोकाचा आकडा वाचायची. "तोंडी परीक्षेत डायल कुठून आणशील?" अशी टर उडवून मी तिच्या गळी माझी युक्ती उतरवली. एकटीच्या पहिल्या लांबच्या फ्लाइटला परतताना तिने दोनशे नव्वदमधून दोनशे वजा केले, वीस मिळवायचे राहिले. नव्वदवर निघाली आणि भरकटली. आम्हाला शिकवणाऱ्या सरांनी रेडिओवरून तिला कसंबसं परत आणलं.

शनिवारी सकाळी स्वारगेटहून एसटी पकडली. बायकांना अर्धं तिकीट, रस्ता चांगला, वाटेतल्या थांब्यावरचा चहा मात्र टाळा. सोलापूर स्टँडवरून संध्याच्या घरी, शुक्रवार पेठेला, रिक्षावाले ऐंशी मागतात, साठला येतात.

संध्याच्या आईने कडक भाकरी आणि चटणी वाढली.

"झोपंत आकडं बडबडती," काकू हळूच म्हणाल्या. "तू तरी सांग की तिला. लई मानती तुला."

गच्चीवर मी संध्याला म्हणाले, "सर तीच फ्लाइट पुन्हा देतायत. आणि चूक माझी होती गं."

"वळायच्या आधी डायलवर खाली एकशे दहा दिसत होतं की मला," ती म्हणाली. "तुझ्या युक्तीनं नव्वद आलं. वाटलं, तू कशी चुकशील? डोळ्यांपुढचं सोडून मी तुझं ऐकलं. उद्या मागं माणसं बसलेली असली तर? मी नाही येत."

ती चिडली असती तर बरं झालं असतं.

रविवारी पुण्याला परतले. काकूंनी दिलेला चटणीचा पुडा अजून फोडलेला नाही. सोमवारी सरांनी विचारलं, "काय म्हणाली?"

"येत नाही म्हणाली."

"का?"

माझ्या युक्तीसकट सगळं सांगितलं असतं, तर कदाचित त्यांनी तिची जागा आणखी काही दिवस ठेवली असती. मी म्हणाले, "घाबरलीय."

त्यांनी तिथल्या तिथे तिचं नाव खोडलं.