पाडव्याची आगाऊ बातमी

"हात ढिला सोड बाई, आन् बोल," असं म्हणून ती समोरच्या बाईचा पंजा आपल्या दोन्ही हातांत घ्यायची. अंगठा आत दुमडायची, बोटांची मुळं चेपायची आणि बांगडीकडे मुळीच न बघता त्या बाईच्या तोंडाकडे बघत राहायची. बोलायला लागलं की हात आपोआप सैल पडतो, हे तिचं शास्त्र. सासूपासून सुरुवात झाली की पहिली बांगडी चढायची, नणंदेपर्यंत पोचेतो चौथी, आणि माहेराचा विषय निघाला की उरलेल्या सगळ्या एका दमात मनगटात. बांगड्या भरताना तुम्हीही पाहिलं असेल. पण कासारीण त्या वेळी काय काय ऐकते, याकडे तुमचं लक्ष गेलं नसेल. माझंही गेलं नव्हतं.

मराठवाडा मुंबई राज्यात आला त्याच्या पुढच्या वर्षी मी तिकडच्याच वाशी या बाजारगावापासून दोन कोसांवरच्या एका गावी शिक्षक म्हणून रुजू झालो. शाळा मारुतीच्या देवळात भरायची. त्याच सुमारास ग्रामपंचायतीला एक काळा फळा मिळाला. तो चावडीच्या भिंतीवर ठोकला गेला आणि त्यावर रोज बातम्या लिहायचं काम माझ्याकडे आलं. पाटलांचं शिक्षण निजामाच्या राजवटीतलं, ते उर्दूत लिहीत. जुन्या कारकुनांचा हात मोडीत बसलेला. बाळबोध लिहिणारा मी एकटाच.

मी मोठ्या उमेदीनं दिल्लीच्या बातम्या लिहू लागलो. धरणं, योजना, परदेशचे पाहुणे. लोक येत, बिडी ओढेपर्यंत फळ्यासमोर थांबत आणि जात. एकदा दोन म्हाताऱ्यांचं बोलणं माझ्या कानांवर पडलं.

"काय लिवलंय?"

"धरण बांधायलेत म्हणं."

"कुठं?"

"लांब हाय."

"मंग बांधू द्या."

अशात फाल्गुन लागला आणि ती आली. आमच्याकडे तिचा यायचा दिवस पंचांगात बघावा लागत नसे. करडई काढून झाली की ती यायची. करडईच्या काट्यांनी बायकांची मनगटं ओरखडलेली असत, ज्वारीच्या काढणीत निम्म्या बांगड्या गेलेल्या असत, आणि पुढं शिमगा, पाडवा, गावची जत्रा, लग्नसराई असे सगळे हात भरण्याचेच दिवस. खांद्यावर गाठोडं, त्यात दोरीत ओवलेल्या बांगड्यांच्या माळा; काठी टेकत लांबलांब पावलं टाकत ती माळावरून उतरायची. अंगानं काटक, वय साठीच्या आसपास, कपाळ आणि मनगटं मोकळी. एवढ्या गावांचे हात भरणाऱ्या बाईच्या स्वतःच्या हातात काहीच नाही, याचं मला पहिल्या दिवशी फार वाटलं. तिला ते जाणवलं असावं. म्हणाली, "काम करायला बरं पडतं गुर्जी, मधी मधी येत न्हाय काही."

फळ्यासमोर उभी राहून तिनं विचारलं, "काय लिवता ह्याच्यावर?" मी सगळं वाचून दाखवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"चांगलं हाय," ती म्हणाली. "पर ह्यातलं एकबी माणूस माज्या वळखीचं न्हाय."

मग तिनं मला बातम्या सांगितल्या. आमच्याकडचा आंब्याचा मोहर गळाला होता, पण मांजरेकाठच्या गावात टिकून होता. तेव्हा लोणच्याच्या कैऱ्या तिकडून आणाव्यात. सुताराच्या घरी म्हैस व्यायली, ज्यांना चीक पाहिजे त्यांनी भांडं घेऊन जावं. जत्रेला यंदा पाळणा येणार. मी हसत हसत धरणाखाली हे लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी चावडीपुढं उभं राहायला जागा नव्हती. सुतारानं मात्र दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. त्याचा सगळा चीक संपला होता.

पुढं भूमहून विकास ब्लॉकचे साहेब पाहणीला आले. योजनेच्या खाली म्हैस बघून त्यांनी मला चांगलंच फैलावर घेतलं. सरकारी फळा, सरकारी खडू, आणि त्यावर म्हैस? मी मान खाली घालून ऐकत होतो. जीपमध्ये बसता बसता त्यांनी हळूच विचारलं, "सुताराचं घर कुठलं?"

अशा रीतीनं फाल्गुनापासून जत्रेपर्यंत दर चार-पाच दिवसांनी ती चावडीवर यायची आणि मी लिहून घ्यायचो. पण तिचा एक नियम होता. एखादी गोष्ट अर्ध्यावर आली की ती एकदम थांबायची. "ही फळ्यावरची न्हाय. ही हातातली हाय."

हातातली म्हणजे काय, ते मला एकदा दिसलं. देवळासमोरच्या लिंबाखाली ती एका नव्या नवरीच्या हातात बांगड्या भरत होती. मनगटावर निळा वळ होता. तिनं त्या मुलीला काही विचारलं नाही. नेहमीचं वाक्यही म्हणाली नाही. एक माप मोठ्या बांगड्या काढल्या आणि वळाला न लागता अलगद सरकवल्या. आठवड्याच्या आत त्या मुलीचे दोन भाऊ गावात आले, चार दिवस बहिणीच्या घरी राहिले आणि दाजींशी फार गोडीनं बोलून गेले. फळ्यावर त्यातलं अक्षरही आलं नाही.

असा तिचा नियम. तो तिनं एकदाच मोडला.

गावात दगडूआण्णा म्हणून एक शेतकरी होते. तापट, पण मनानं सरळ. त्यांची सून गोदा दोन वर्षं माहेरी होती, आणि त्याला कारण एक फेटा. गोदाच्या भावाच्या लग्नात व्याह्यानं आण्णांना फेटा बांधला. मांडवात घाम आला, आण्णांनी फेटा सैल केला आणि त्यांच्या असं लक्षात आलं की तो कोरा नाही, धुतलेला आहे. ते पंगतीतून उठले. लग्नाला म्हणून आलेली सून तिथंच ठेवून, कोरा फेटा घेऊन व्याही दारात येईल तेव्हाच पोरीनं यावं, असं सांगून घरी आले. व्याह्याचं म्हणणं असं की फेटा कोराच होता, पेटीत चुरगळला होता. दोघंही आपापल्या गावी बसून राहिले. मुलगा महादू बापापुढं तोंड उघडत नसे. कासारीण त्या गावाहून आली की तिला एवढंच विचारायचा, "तिकडं पाऊस कसा हाय?" हे तो भर शिमग्यात विचारायचा.

माझ्या तिथल्या दुसऱ्या वर्षी, पाडवा चार दिवसांवर असताना ती चावडीवर आली. गाठोडं खाली न ठेवताच म्हणाली, "गुर्जी, लिवा. दगडूआण्णा पाडव्याला गाडी जुपून सुनंला आणायला जाणार हायत."

मला आनंद झाला. "आण्णा म्हणाले?"

"न्हाय."

"मग कुणी सांगितलं?"

"कुणीच न्हाय."

मी खडू खाली ठेवला. "मावशी, मग ही खोटी बातमी झाली."

"खोटी कशी? वाईच आगाऊ हाय."

मग तिनं गाठोडं उतरवलं आणि पायरीवर बसून सगळं सांगितलं. व्याह्यानं दिवाळीतच वाशीच्या बाजारातून कोरा गुलाबी फेटा आणला होता आणि पेटीत ठेवला होता. त्याच्या बायकोनं बांगड्या भरताना सांगितलं. इकडं आण्णांनी शिमग्याला आपणहून मागची खोली सारवून चुना लावून घेतली होती. बायकोनं विचारलं तर म्हणाले, उंदीर झालेत.

"उंदरासाठी कुणी चुना लावतं का गुर्जी? दोन्हीकडं तयारी हाय, पर तोंड कुणी उघडंना. आन् ती पोरगी, दोन वर्सं झाली, हातात त्याच बांगड्या. दोनच राहिल्यात. भरू दे म्हणलं तर म्हणती, तिकडं गेल्यावर भरीन."

"पण ही तर हातातली बातमी," मी म्हणालो. "तुम्हीच म्हणता, हातातली फळ्यावर न्यायची नाही."

तिनं गाठोड्याची गाठ सोडून पुन्हा आवळली. मग म्हणाली, "व्हय. अक्षर तुमचं, पाप माझं. लिवा."

मी लिहिलं. त्या दिवशीच्या ओळी जरा तिरक्याच आल्या.

सकाळी रानातून येणाऱ्या आण्णांना लोकांनी वाटेतच गाठलं. पाटलांनी पाठीवर थाप मारली. म्हाताऱ्या बायकांनी तोंड भरून आशीर्वाद दिले. आण्णांना वाचता येत नव्हतं. ते चावडीवर आले आणि मला म्हणाले, "वाचा." मी वाचलं. "पुन्यांदा वाचा." मी पुन्हा वाचलं. त्यांच्या मिशा हलल्या. ते तडक घराकडे निघाले आणि मी घाबरून त्यांच्या मागं.

ओसरीवर ती आण्णांच्या बायकोच्या हातात बांगड्या भरत बसली होती.

"कासारीणबाई, ही बातमी तुमी दिली?"

"दिली."

"मला न इचारता?"

"इचारलं असतं तर तुमी न्हाय म्हणला असता. मग लिवता आलं नसतं."

"म्या जाणार न्हाय."

"बरं. मग गुर्जींला पुसायला सांगा. पर समद्यांम्होरं पुसा. पाटील म्हणत हुते, दगडूसारखं मन कुणाचं न्हाय. त्यांलाबी सांगा, तसं काही न्हाय म्हणून."

आण्णांची बायको खाली बघत होती. तिचा हात कासारणीच्या हातात घट्ट झाला होता. आण्णा पायरीवर बसले. बोलले तेव्हा त्यांचा आवाज अगदी वेगळा होता.

"आन् तिकडं गेलो, आन् त्यानं दार लावलं तर?"

दोन वर्षं ज्याला सगळं गाव राग समजत होतं, ते हे होतं. मला तिथं उभं राहायची लाज वाटली.

"दार कसं लावंल?" ती शांतपणे म्हणाली. "म्या काल सांगूनशान आले, पाडव्याला पुरण घाला, इवाई येणार हायत."

आण्णांनी वर बघितलं. "म्हंजी तिकडं आधीच सांगितलं?"

"ते लांब हाय. तिकडं आधी सांगावं लागतं. हात ढिला सोडा आता, आण्णा."

आण्णा उठले आणि बैलांच्या झुली कुठं आहेत म्हणून बायकोवर खेकसले. मी परत निघालो तेव्हा मागून आण्णांची हाक आली. "गुर्जी, तेवढं 'जाणार हायत'च्या आधी लिवा. सहकुटुंब."

पाडव्याला गुढी उभारून, लिंबाचा पाला खाऊन गाडी निघाली आणि दिवस मावळायच्या आत परत आली. पुढं आण्णा, डोक्यावर कोरा गुलाबी फेटा. मागं गोदा, सासूच्या खांद्याला टेकलेली. तो सबंध चैत्र आण्णांनी फेटा उतरवला नाही. भेटेल त्याच्यापुढं वाकून ते कोऱ्या कापडाचा वास घ्यायला लावायचे. मीही दोनदा घेतला.

दुसऱ्या दिवशी ती गोदाच्या हातात बांगड्या भरायला बसली. "हात ढिला सोड बाई, आन् बोल," म्हणाली. गोदा नुसती रडली. हात मात्र सैल पडला. महादू दारात घुटमळत होता. सवयीनं त्याच्या तोंडून निघून गेलं, "तिकडं पाऊस कसा हाय?"

"आता हिलाच इचार," ती म्हणाली.

ती निघाली तेव्हा मी माळापर्यंत सोबत गेलो. तिला विचारलं, "मावशी, आण्णा गेले नसते तर?"

"तर ही दोनी गावं मला बंद झाली असती." गाठोडं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत ती म्हणाली. "आता ह्या वयात नवी गावं कुठं धरू?" आणि सुताराच्या म्हशीची चौकशी करून ती उतारानं चालू लागली.

मी त्या गावात आणखी सहा वर्षं होतो. शेवटच्या वर्षी करडई निघाली, शिमगा झाला, पळस फुलून झडला, आणि ती आली नाही. बायका येता-जाता माळाकडं बघत. पाडवा जुन्याच बांगड्यांवर झाला. जत्रेत पाळणा घेऊन आलेल्या माणसाकडून कळलं, की ती पौषातच वारली, भूमकडे भाचीच्या घरी. आम्हाला कळायला तीन महिने लागले. असल्या बातम्या आमच्याकडं तीच आणायची.

मी फळ्यावर लिहायला खडू घेतला आणि तिचं नाव आठवू लागलो. मला ते माहीत नव्हतं. गावात विचारलं; कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी 'आपल्या कासारीणमावशी' असं लिहिलं.

लग्नसराई तोंडावर आली तेव्हा बायका आण्णांची गाडी घेऊन वाशीच्या बाजारात गेल्या. तिथं बांगड्यांचं नवं दुकान निघालं होतं. परतल्या तेव्हा मी चावडीवरच होतो. गोदा पुढं बसली होती, मांडीवर तिची धाकटी, दोन्ही हात कोपरापर्यंत भरलेले.

"काय बातमी?" मी विचारलं.

बायकांनी एकमेकींकडे बघितलं.

"बातमी काही न्हाय, गुर्जी," गोदा म्हणाली. "नुसत्या बांगड्या आणल्या."