सुभेदारांच्या अंगणातला गुलाबी डाग

गॅरेजवाल्याला किस्से गोळा करावे लागत नाहीत. गाडी दुरुस्त होऊन जाते, किस्सा मागे राहतो. विश्रामबागेतल्या माझ्या गॅरेजात वीस वर्षांचे किस्से साठलेत. पण एकट्या सुभेदारांनी महिन्याभरात दिले तेवढे बाकी कुणी दिले नसतील.

सुभेदार पलूसकडचे. फौजेतून रिटायर होऊन आता ऊस बघतात. मुलगाही फौजेत, लांब सीमेवर. त्याने वडिलांना हायब्रिड गाडी घेऊन दिली, ती एकाच कामासाठी. त्याची आईविना पोरगी पाचगणीच्या बोर्डिंगात शिकते आणि सुभेदार दर रविवारी तिला भेटायला जातात. आजवर एक रविवार चुकलेला नाही.

*

पहिल्याच आठवड्यात त्यांचा फोन आला. "सिग्नलला गाडी बंद पडली."

"आबा, हायब्रिड आहे. थांबली की इंजिन आपोआप बंद होतं."

"ते मला ठावं हाय रं. पन मागच्या ट्रकवाल्याला कोन सांगनार? त्यो खाली उतरून ढकलाय लागलाय!"

*

मग एका शुक्रवारी गाडी तापली म्हणून घेऊन आले. बरोबर त्यांची बायको, आमच्या काकी. बॉनेट उघडलं तर कूलंटचा डबा तळाशी तडकलेला. इंजिन थंड ठेवणारं ते गुलाबी पाणी, थेंब थेंब चाललं होतं.

"किती दिवस गळतंय?"

"गळत न्हाई. रोज सकाळी सहाला बॉनेट उघडून बघतो, फौजेची सवय हाय. कमी असलं तर भरतो."

"आणि रोज कमी असतं?"

"रोज."

"मग गळतंयच की, आबा."

"गळलं असतं तर खाली डाग पडला असता. अंगनात डाग न्हाई."

खुर्चीवर बसलेल्या काकी म्हणाल्या, "डाग असतोय की. गुलाबी. तुमी उठायच्या आत मी सडा टाकून धुवून काढती."

सुभेदार काकींकडे वळले. "मग बोलली का न्हाईस?"

"मला वाटलं, समोरच्या जावंनं कुंकवाचं पानी टाकलंय. रोज एक लिंबू उतरून टाकत हुते."

दोघांचीही शिस्त कडक, म्हणून पंधरा दिवस गळती सापडली नाही. काकी जावेशी बोलत नव्हत्या, ते वेगळंच.

*

सुभेदारांनी खिशातून सायकलच्या ट्यूबची पट्टी काढली. "ठिबकची नळी फुटली की आमी हेच गुंडाळतो. घाला."

माझा मेकॅनिक मेहबूब शांतपणे म्हणाला, "आबा, तितं गळलं तर ऊस पितोय. हितं कोन पिनार?"

*

नवा डबा सोमवारी येणार होता. तोवर घाट चढायचा नाही, असं मी स्पष्ट सांगितलं. सुभेदारांनी पट्टी परत खिशात घातली.

"एसटीनं जाईन मी. पन नात मला बघाय येत न्हाई रं. गेटातनं पळत येती ती गाडीकडं. स्टिअरिंग धरून बसती. बापानं पाठवलीया न्हवं."

ऐकून मला वाईट वाटलं. पण गाडी दिली असती तर पसरणीच्या घाटात उभी राहिली असती.

जाताना म्हणाले, "जुना डबा तेवढा दे. गाडी का आनली न्हाई म्हनंल. पुरावा दाखवाय पायजे."

मेहबूबने डबा साबणाने तीनदा धुतला आणि पेपरात गुंडाळून दिला.

*

सोमवारी सुभेदार गाडी न्यायला आले ते रिकाम्या हाताने.

"डबा कुठाय?"

"तिनं ठिवून घेतला. होस्टेलच्या खिडकीत ठिवलाय. वरनं कापून स्ट्रॉबेरीचं रोप लावलंय त्यात. पप्पांच्या गाडीतला हाय म्हनून सगळ्या पोरींना दाखवती."

"पण आबा, तो फुटका आहे."

"मीबी तेच म्हनलो. तर म्हनती, फुटकाच लागतो, पानी साचलं तर मूळ कुजतं."

एवढं बोलून त्यांनी बॉनेट उघडलं. कोरा डबा सगळीकडून निरखून बघितला, बोटाने ठोकून बघितला.

"ह्यो कवा फुटंल? तिला अजून एक पायजे."