सव्वीस आटे

आमच्या शहरातल्या नळांचा नकाशा कुठे आहे, असं विचारलं की पाणीखात्यातली माणसं एका लोखंडी कपाटाकडे बोट दाखवायची. कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली बदली होऊन गेलेल्या एका साहेबांबरोबर गेली होती. खरा नकाशा रोज सकाळी सायकलवरून शहरभर फिरायचा. सायकलच्या दांड्याला छातीएवढी उंच चावी बांधलेली असायची, वर आडवा दांडा आणि खाली चौकोनी खोबण. रस्त्यातलं झाकण उचलायचं, चावी आत उतरवायची, व्हॉल्व फिरवायचा, की त्या वस्तीला पाणी. पुढच्या वस्तीची पाळी आली की उलटं फिरवायचं. हे काम करणाऱ्या माणसाला अख्खं शहर भाऊ म्हणायचं. त्यांची थोरली बहीण, अक्का, आमच्या आळीत, माझ्या शेजारच्याच खोलीत राहायची, त्यामुळे आम्ही तर म्हणायचोच.

शहर आमचं धड मोठं नाही, धड लहान नाही. कोर्ट आहे, दोन कॉलेजं आहेत, एक मोठा दवाखाना आहे आणि तिथले डॉक्टर जरा अवघड दुखणं दिसलं की पुढच्या शहराची चिठ्ठी लिहून देतात. रस्त्यात भेटणाऱ्या दहा जणांतले चार ओळखीचे निघतात, दोन जण ओळख टाळतात. इमारती वर वर चालल्यात, पाणी मात्र तेवढंच, म्हणून ते पाळीने मिळतं. आणि पाळी कुणाच्या हातात, तर भाऊंच्या.

भाऊ माणसं ओळखायचे ती पाण्यावरून. "बाई," ते मला म्हणायचे, "वकिलांच्या वस्तीत पाणी उशिरा गेलं की फोन येतो. मजुरांच्या वस्तीत गेलं की माणूस येतो. फोन खाली ठेवता येतो. माणूस कुठे ठेवणार?" कोणत्या घरात पाहुणे आलेत, कुठल्या भावाभावांनी टाकी वेगळी केली, कोण चोरून पंप लावतो, सगळं त्यांना माहीत. बोलायचे मात्र कमी. उचलली जीभ लावली टाळ्याला, असला त्यांचा प्रकार नव्हता. त्या बाबतीत मी त्यांच्या बरोबर उलट.

मी टायपिंगच्या बाई. खालच्या खोलीत माझा टायपिंगचा वर्ग होता, राहायला मी वर. आळीतल्या कुणालाही अर्ज लिहायचा असला की माझ्याकडे यायचं, आणि मीही तोंड वाकडं न करता तीन प्रतींत काढून द्यायची. त्यांतले सात अर्ज भाऊंच्या विरुद्ध होते, आणि सातही माझ्याच मनाने केलेले. कारण आमच्या आळीत पाणी वर चढत नव्हतं. अंगणातल्या एका नळाला करंगळीएवढी धार यायची. तिथे बादल्या भरायच्या आणि दोन मजले वर न्यायच्या. मी अर्जात दर वेळी लिहायची, "पूर्वी या ठिकाणी दुसऱ्या मजल्यापर्यंत पाणी येत असे." खात्याचं दर वेळी उत्तर यायचं, "पूर्वी लोकसंख्या कमी होती." एकदा तर आम्हाला टाकी बसवून घेण्याचा सल्ला आला. जखम मांडीला आणि मलम शेंडीला.

भाऊ स्वतः सांगायचे, "चढ आहे बाई. शेवटच्या टोकाला आहात तुम्ही." आणि आमच्या आळीसाठी पाळीचा व्हॉल्व रोज अर्धा तास जास्त उघडा ठेवायचे. कुणी त्यांना तसं करायला सांगितलं नव्हतं.

अक्का त्यांच्याहून सात वर्षांनी मोठ्या. आईच्या मागे त्यांनीच भाऊंना वाढवलं, म्हणून पन्नाशी उलटली तरी त्यांना 'धाकट्या' अशीच हाक मारायच्या. नवरा जाऊन एकोणीस वर्षं झाली होती. शाळेचे गणवेश शिवून त्यांनी संसार ओढला. उजवा गुडघा पार गेलेला, तरी सकाळी चार बादल्या वर न्यायच्या, मध्ये एका पायरीवर टेकायच्या आणि मग पुढे. भावाबद्दल कुणी ब्र काढायची सोय नव्हती. माझ्या तिसऱ्या अर्जाचं कळलं तेव्हा भिंतीला भिंत लागून असूनही त्या माझ्याशी सहा महिने बोलल्या नाहीत. "माझा भाऊ पाण्यात लबाडी करायचा नाही," एवढंच जिन्यात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या होत्या.

भाऊंच्या निवृत्तीला महिना उरला तेव्हा खात्याला घाम फुटला. हा माणूस गेला की झाकणं कुठे आहेत हेही कुणाला सांगता आलं नसतं. मग नव्या इंजिनीअर बाईंना त्यांच्याबरोबर फिरायला धाडलं. मुलगी तिशीची, हुशार, पायात बूट, हातात नकाशा काढायचं यंत्र. भाऊ सांगायचे, ती नोंदवायची. सहा इंची व्हॉल्व, वीस आटे. आठ इंची, सव्वीस. बारा इंची, अडतीस. आटे म्हणजे चावीचे पूर्ण फेरे. भाऊ ते मनात मोजायचे, कुणाशी बोलत असले तरी मोजायचे.

आमच्या आळीच्या खालच्या चौकात ती थांबली. "दोन लाइनी इथे जोडल्यात. मग मध्ये व्हॉल्व हवा ना?"

"होता," भाऊ म्हणाले. "आठ इंची. डांबराखाली गेला. तो कायम उघडाच असतो."

"उघडा आहे हे बघितलंय कुणी?"

भाऊ हसले, म्हणे. पण दुसऱ्या दिवशी डांबर फोडलं, झाकण निघालं, माती उपसली. भाऊंनी चावी लावली आणि उघडायच्या बाजूला जोर दिला. पूर्ण उघडा व्हॉल्व त्या बाजूला हलत नाही. हा हलला. आधी कुरकुरला, मग फिरायला लागला. भाऊ मोजत गेले. बावीस आटे फिरला आणि अडला.

भाऊ तिथेच रस्त्याच्या कडेला बसले. सव्वीसांतून बावीस गेले. म्हणजे एवढी वर्षं आमच्या आळीला चार आट्यांचं पाणी येत होतं.

हे चार आटे कुठून आले, ते त्यांना लगेच आठवलं. लाइन दुरुस्त करून पुन्हा चालू करताना भाऊ कधीही व्हॉल्व एकदम उघडत नसत. रिकाम्या नळात हवा असते. पाणी जोरात घुसलं तर जोड फुटतात. म्हणून आधी चार आटे, मग अर्धा तास थांबायचं, हवा जाऊ द्यायची आणि मग बाकीचे. घाई करणारा दुसरा कुणी असता तर त्याने सव्वीसच्या सव्वीस फिरवून घर गाठलं असतं. एकोणीस वर्षांपूर्वी त्या चौकातली गळती काढून भाऊंनी चार आटे उघडले आणि ते थांबले. त्या अर्ध्या तासात निरोप आला की अक्कांच्या यजमानांना दवाखान्यात नेलंय. भाऊ चावी तिथेच टाकून पळाले. पुढे चार दिवस दवाखाना आणि मग सगळंच संपलं. आठ-दहा दिवसांनी कामावर आले तेव्हा चौकात नवं डांबर पडलं होतं. आपण काम पुरं केलंय, असंच त्यांना वाटत राहिलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. सगळे चढाला बोल लावत बसलो.

इंजिनीअर बाईंना त्यांनी तिथल्या तिथे सगळं सांगितलं. ती बिचारी म्हणाली, "काका, मी लिहिते, जुना व्हॉल्व सापडला, उघडला. दहा दिवसांत तुम्ही रिटायर होणार. कशाला उकरून काढता?"

भाऊंनी चावी सायकलच्या दांड्याला बांधली.

दुसऱ्या दिवशी आमच्या वरच्या मजल्यावरचा नळ खोकला, शिंकला आणि धो धो सुटला. मी चहा टाकून धावले. आळीत लोक एकमेकांना हाका मारून नळ दाखवत होते. श्रेय अर्थातच इंजिनीअर बाईंना आणि त्यांच्या यंत्राला. "बघा, शिकलेलं माणूस आलं आणि महिन्याच्या आत पाणी!" ठरलं की बाईंचा सत्कार करायचा, आणि भाऊही निवृत्त होतायत तर त्यांनाही त्याच चहात उरकून घ्यायचं. भाषण अर्थात माझ्याकडे.

आठवड्याने, सत्काराच्या दिवशी दुपारी मी अक्कांना वेळ सांगायला गेले तर भाऊ तिथे बसलेले. मी वळणार तेवढ्यात ते म्हणाले, "थांबा बाई. तुम्हीही ऐका." आणि त्यांनी सगळं सांगितलं, चार आट्यांपासून बावीस आट्यांपर्यंत.

अक्का एक कॉलर शिवत होत्या. त्यांनी शिवण शेवटपर्यंत नेली, दोरा तोडला.

"आठवडा झाला व्हॉल्व उघडून. आठ दिवस गप्प बसलास?"

"धीर होत नव्हता."

"माझा गुडघा बघितलायस तू?"

"बघितलाय, अक्का."

"आणि तुझ्यापायी मी या बाईंशी सहा महिने बोलले नाही. बरोबर होत्या त्या." त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "जा तू आता. मला काम आहे."

"संध्याकाळी मी सगळ्यांना सांगणार आहे."

"सांग नाहीतर नको सांगू. जा."

एवढी वर्षं मी अर्ज केले ते याच दिवसासाठी, असं मला वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. भाऊंच्या चपला जिन्यावरून उतरताना शेवटच्या पायरीपर्यंत ऐकल्या.

संध्याकाळी अंगणात खुर्च्या मांडल्या. अक्का आल्या नाहीत. वरचं दार लोटलेलं होतं. बाईंचा सत्कार झाला, टाळ्या झाल्या. मग भाऊ उभे राहिले. चार वाक्यांत त्यांनी सांगून टाकलं. तारीख सांगितली, आटे सांगितले. पण कामावरून का पळाले ते सांगितलं नाही. "मला तातडीने जावं लागलं," एवढंच. इंजिनीअर बाई मान खाली घालून बसल्या होत्या.

आधी कुणाला कळलंच नाही. मग कोपऱ्यातला लाँड्रीवाला उठला. "माझी आई याच जिन्यावर घसरली. बादली घेऊन. नंतर उठलीच नाही ती. तिचं काय?"

भाऊंनी त्याच्याकडे बघून हात जोडले.

मग सगळेच बोलायला लागले. कुणी पाठीचं काढलं, कुणी मुलींच्या शाळेच्या वेळांचं. एकोणीस वर्षं काही लहान गोष्ट नव्हती, आणि खोटं त्यांतलं कुणीच बोलत नव्हतं. भाऊ नुसते उभे होते. एवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. अक्का कठडा धरून एकेक पायरी उतरत होत्या. त्या उतरेपर्यंत बोलणी आपोआप थांबली. त्या येऊन भाऊंच्या शेजारी उभ्या राहिल्या.

"कुठे जावं लागलं, ते त्याने सांगितलं नाही," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे आला होता. ह्यांना दवाखान्यात नेलं तेव्हा. निरोप मी धाडला होता. म्हणून काय बोलायचं ते मला बोला. ते चार दिवस त्या दवाखान्यात माझ्याबरोबर हा होता. तुमच्यातलं कोण आलं होतं?"

लाँड्रीवाला निघून गेला. त्याचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही.

आता माझ्या भाषणाची पाळी होती. कागद हातात होता, त्यात बाईंची आणि यंत्राची स्तुती होती. मी उठले, पण ते वाचवेना. कारण तो दिवस मलाही आठवत होता. साडेचारची बॅच चालू होती, बारा मुली, बारा मशिनं. अक्का वर्गाच्या दारात आल्या होत्या. चेहरा पांढराफटक. "बाई, जरा येता का? ह्यांना कसंतरी होतंय." आणि मी म्हणाले होते, "बॅच सुटली की आलेच." बॅच सुटल्यावर वर गेले तेव्हा त्यांच्या दाराला कुलूप होतं.

मी ते सगळ्यांसमोर सांगितलं. म्हटलं, निरोप भाऊंना गेला तो माझ्यानंतर. मी तेव्हा उठले असते तर निरोप इतक्या घाईने धाडावा लागला नसता, आणि भाऊंनी कदाचित उरलेले आटे फिरवून मग दवाखाना गाठला असता. या अंगणातलं पाणी गेलं त्यात माझाही हात आहे, आणि मी उठले नाही हे अक्कांना पहिल्यापासून माहीत आहे.

अक्कांनी मला मध्येच थांबवलं.

"एवढ्या वर्षांत मी ते कुणाला सांगितलं होतं का?" त्या म्हणाल्या. "खाली बसा बाई. आणि धाकट्या, तूही बस. किती वेळ उभा राहशील?"