सूरवाल्याच्या खांद्यावरचा माइक

मामाचे पुढचे चार दात हलायला लागले आणि माइक निवडताना मला पहिल्यांदा घाम फुटला.

मामा दिघीच्या अलीकडच्या एका गावात राहतो आणि खालूबाज्यात, म्हणजे सनई, सूर, ढोल, टिमकीच्या ताफ्यात, सनई वाजवतो. शिमग्याला देवीची पालखी निघाली की पुढे हाच बाजा असतो. सनईची पत्ती ओठांत धरायची आणि ओठांना मागून टेकू दातांचा. डॉक्टर म्हणाले, हिरड्यांत पू झालाय, शिमग्यापर्यंत थांबता येणार नाही. कवळी बसवू, पण तिच्यावर सनई वाजेल की नाही, सांगता येत नाही. मग मामाचा मला फोन. "बाय, दात काढायच्या आदी माजी सनई धरून ठेव. मागनं वाजल न वाजल." एरवी फोनवर ओरडून बोलणारा माणूस इतक्या हळू बोलला की मला फोन कानाला दाबून धरावा लागला.

मी अलिबागला राहते. नागावच्या बंगल्यांत मालिकांचं शूटिंग असतं, तिथे आवाज टिपायचं काम करते. मामासाठी घरातले होते नव्हते तेवढे माइक गाडीत घातले आणि भल्या सकाळी पोचले. सकाळी मतलई असते, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे जाणारा मऊ वारा. दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटला की सगळं मुसळ केरात.

देवळासमोर दोन स्टँड लावले, त्यावर माझे सगळ्यात चांगले माइक. मामा समोर उभा राहिला आणि इतकं बेचव वाजवलं की ढोलवालासुद्धा गोंधळला.

"मामा, असं काय वाजवतोस रे?"

"उभं ऱ्हाऊन कसं वाजवू? पायाखाली वाट नको? पालखी काय एका जागी उभी ऱ्हाते?"

आता बोला! चालल्याशिवाय म्हणे त्याचा श्वास जमतच नाही. गेले स्टँड. मग काठीला लावायचा लांब नळीचा माइक काढला, त्यावर केसाळ टोपी चढवली. पण वाडीतली अरुंद वाट दोन दगडी गडग्यांच्या मधून जाते, तिथे मी काठी घेऊन बाजूने चालणार कुठून? सनईलाच चिमटा लावून छोटा माइक अडकवते म्हटलं, तर मामाने सनई पाठीमागे लपवली. "पूजेतली हाय ती. तिला चिमटा लावतेस?" शेवटी त्याच्या सदऱ्याला लावला, तर सनई खाली झुकवली की बरोब्बर माइकवर आपटायची. मी वैतागून हेडफोन काढले आणि देवळाच्या पायरीवर बसले. मामीने चहा आणून दिला आणि माझ्याजवळ बसली.

चहा पिताना माझं लक्ष मामाच्या मेव्हण्याकडे गेलं. मामीचा धाकटा भाऊ, हा बाज्यात सूर धरतो. सूर म्हणजे सनईसारखंच वाद्य, पण त्यातून एकच स्वर काढायचा आणि तो अखंड चालू ठेवायचा. गाल फुगवून फुंकायचं, श्वास नाकाने घ्यायचा. सनईवाला मधे दम खातो, सूरवाल्याला ती मुभा नाही. मामा कुठेही वळला तरी हा त्याच्या डाव्या खांद्यामागे एक पाऊल. म्हटलं, देवा, जागा तर समोरच आहे! शेंगदाण्याएवढा माइक मेव्हण्याच्या उजव्या खांद्यावर टाचला, ढोल-टिमकीला जरा मागून चालायला लावलं आणि रेकॉर्डर गळ्यात अडकवून मीही निघाले.

काय वाजवलं मामाने! हेडफोनमध्ये सनई अशी जवळ आली की मला रडूच फुटलं. पालखीच्या वाटेनेच चाललो होतो, वाजवत होते तेही पालखीचंच. मग व्हायचं तेच झालं. एका घरातून एक म्हातारी ओवाळणीचं ताट घेऊन धावत बाहेर आली. "अगो बाय, पालखी आली? कुनी सांगितलं कसं न्हाय?" पालखी नव्हतीच. पण ताट आलं म्हटल्यावर मामा सवयीने दारापुढे थांबला आणि देवीसाठी वाजवतो तसं तिच्यासाठी वाजवायला लागला. म्हातारीनेही मग मामालाच ओवाळलं.

तिथेच सनई किंचाळली आणि बंद पडली. पत्तीला रक्त लागलं होतं. मामाने ती धोतराला पुसली, पुन्हा ओठांत धरली. नुसती हवा. पुन्हा धरली. पुन्हा हवाच. ढोल थांबला, टिमकी थांबली. सूर तेवढा चालू राहिला. मामा सनई हातात घेऊन तसाच पुढे निघाला, खाली मान घालून, आणि मेव्हणा त्याच्या मागे, गाल फुगलेले. किनाऱ्यापर्यंत. मीही रेकॉर्डर चालूच ठेवून त्यांच्या मागोमाग गेले.

दात काढले, सूज उतरली, तेव्हा मी ऐकवायला गेले. सनई बंद पडते तिथपर्यंतच ठेवून पुढचं मी कापलं होतं. कशाला जखमेवर मीठ चोळा! मामाने डोळे मिटून ऐकलं. "बरा वाजवलाय की मेल्यानं," बोळक्या तोंडाने स्वतःलाच म्हणाला. मग विचारलं, "फुडचं कुठाय?"

"पुढे काही नाही रे."

"हाय. सूर हाय. लाव."

पूर्ण लावावंच लागलं. सनई थांबली. म्हातारीचं "अरे देवा" आलं. नंतर फक्त तो एक स्वर, वाळलेल्या पानांवर पावलं आणि माइकच्या अगदी जवळ मेव्हण्याच्या नाकातला श्वास, प्रत्येक खेपेला जास्त ओढलेला. वाडी संपली, लाटा ऐकू यायला लागल्या, तरी स्वर तुटला नाही.

मामाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पुसायचंही भान नव्हतं.

"मागं होता ना, मला दिसला न्हाय," तो म्हणाला. "मला वाटलं, सवयीनं फुकतोय. वाट बगत होता गो माजी."