तीन वर्षांचा डिप्लोमा आणि कुवेतची रजा

"तीन वर्षं? साहेब, तोवर माझा जावई येऊन परत जाईल की."

कासमभाई ओरडत होते. रत्नागिरीतल्या राजिवड्याचे लाँचमालक, समुद्रात इंजिनाच्या वर आवाज काढायची सवय. माझ्या टेबलावरची ब्ल्यूप्रिंट थरथरली आणि खाडीपलीकडे भाट्याला कुणीतरी दार उघडून "कोण आलं?" असं विचारलेलं मी स्वतः ऐकलं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी पॉलिटेक्निकात सिव्हिलचा हेड होतो. आदल्याच दिवशी कासमभाईंच्या थोरल्या मुलीला, जुबेदाला, माझ्याकडे डिप्लोमाची सीट मिळाली होती. आज ते ती रद्द करायला आले होते. त्यांना हवा होता आयटीआयचा ड्राफ्ट्समन कोर्स, दोन वर्षांचा. ड्राफ्ट्समन म्हणजे नकाशे काढणारा. डिप्लोमावाला ज्युनियर इंजिनियर होतो. काम नकाशाप्रमाणे झालं का ते साइटवर बघतो, आणि नसेल तर पाडायला लावतो. पुढे प्रमोशनही.

पण अडचण कोर्सची नव्हती, कुवेतची होती. जुबेदाचा ठरलेला नवरा तिथे नोकरीला. रजा दर दोन वर्षांनी, मे-जूनमध्ये. निकाह पुढच्या रजेत, म्हणजे दोन वर्षांनी.

"मग करा की निकाह," मी म्हणालो. "मे महिन्यात तिलाही सुट्टी असते."

"आणि तिसरं वर्ष?"

"नवरा जुलैत कुवेतला परत. कॉलेज जुलैत सुरू. तुमचा जावई आणि माझं टाइमटेबल एकाच कारखान्यातून आलंय, कासमभाई."

बापाच्या शेजारी उभी जुबेदा खिडकीबाहेर बघत होती. ओढणीचं टोक मात्र मुठीत घट्ट आवळलेलं.

"सासर काय म्हणेल?" कासमभाईंचा आवाज पहिल्यांदा खाली आला.

सासर बाकावरच बसलं होतं. विहीणबाई अमिनाबी, नवऱ्या मुलाची आई. त्यांनी नवं घर बांधायला काढलंय हे अख्ख्या रत्नागिरीला ठाऊक होतं. मी छताकडे बघत म्हणालो, "तिसऱ्या वर्षी आम्ही एस्टिमेटिंग शिकवतो. म्हणजे कंत्राटदारानं किती सिमेंट घातलं आणि किती खाल्लं, त्याचा हिशेब."

अमिनाबींनी मान वळवली. "तिसऱ्याच वर्षी?"

"त्याआधी अजिबात नाही."

खरं तर दुसऱ्या वर्षीच सुरू व्हायचं. पण सिलॅबस मागितला कोणी?

"शिकू दे तिला, भाई," अमिनाबी म्हणाल्या. "माझा कंत्राटदार दोन वर्षांत घर पुरं करतोय होय?"

जुबेदा पास झाली, सरकारी बांधकाम खात्यात लागली. तिची छत्री लांबून दिसली तरी कंत्राटदार आपणहून दोन पोती जास्त ओतायचे, असं लोक सांगतात. लोक म्हणजे मीच. कोर्सचा सल्ला देण्याआधी सासरची चौकशी करायची, एवढं मी तेव्हापासून पाळलं.

पुढे कासमभाई बंदरावर भेटले. मी म्हटलं, "आता धाकटीला चार वर्षांच्या डिग्रीलाच घाला."

"जमणार नाही, साहेब," ते म्हणाले. "तिच्या होणाऱ्या नवऱ्याचं दुकान इथेच आहे. रोज घरी येतो."